बाटलीत पास झालेला पाइप

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेस्त्री लाकडी पाटावर बसून एका जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर सोडवत होते. गाडी निवृत्त पोस्टमनची होती. एका सिलिंडरची, वयाने चाळिशी ओलांडलेली आणि तरीही रोज रस्त्यावर असणारी. आदल्या संध्याकाळी ती गॅरेजात लावून पोस्टमन जाता जाता म्हणाले होते, "थोडा वास मारतेय हो. बाकी काही तक्रार नाही." मेस्त्रींचा अनुभव असा, की मालक जी गोष्ट 'बाकी'च्या अलीकडे सांगतो तिथेच पाणी मुरत असतं.

त्यांनी टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद केला, क्लिप ढिली केली आणि टाकीतून कार्बोरेटरकडे येणारा पाइप ओढून काढला. पाइप कापडी होता: आत रबर, वर काळ्या सुताची वीण. या गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा त्यांना असाच पाइप असायचा, म्हणून शौकीन लोकांचा त्याच्यावर जीव. खालच्या वळणावर वीण ओलसर लागली. मेस्त्रींनी पाइप दोन बोटांत धरून वाकवला. रबर वाकायला हवं होतं. ते कट्कन मोडलं. वरच्या सुतामुळे दोन्ही तुकडे एकत्रच राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलंही नसतं. पाइपाच्या बरोबर खाली, इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांवर, अंगठ्याएवढा पिवळट डाग पडला होता. गाडी अर्धा तास चालली की ती पाती हात लावता येणार नाही इतकी तापतात. पेट्रोल तिथेच ठिबकत होतं.

मेस्त्रींनी तो तुकडा उजेडाकडे धरला. पाइप त्यांनीच बसवला होता, अकरा महिन्यांपूर्वी. आणि तो काही या एकाच गाडीला बसवलेला नव्हता.

गल्लीत त्यांना सगळे 'बाटली मेस्त्री' म्हणतात. नवा माणूस हे नाव ऐकून आला की जरा लांबूनच बोलतो, श्वासाचा अंदाज घेतो. एकसष्ट वर्षांत या माणसाने दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. त्यांची बाटली वेगळी. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एक फळी आहे आणि फळीवर रुंद तोंडाच्या सहा काचेच्या बाटल्या. प्रत्येकीत पेट्रोल, आणि पेट्रोलात बुडवलेला रबराचा एकेक तुकडा. नवा माल आला की त्यातला तुकडा कापून बाटलीत टाकायचा आणि आठ दिवस तिकडे फिरकायचं नाही. नवव्या दिवशी काढून वाकवायचा, नखाने दाबायचा, पट्टीने मोजायचा. फुगला, चिकटला, कडक झाला, तर सगळा रोल दुकानदाराला परत. टिकला तर रोलवर पिवळ्या रंगाचा ठिपका. ठिपका असलेला पाइप म्हणजे डोळे झाकून बसवावा, असं गावातले बाकीचे मेकॅनिकही मानतात.

ही सवय लागली ती विसाव्या वर्षी. तेव्हा ते मामाच्या गॅरेजात काम शिकत होते. त्यांनी बसवलेला एक पाइप उतारावर निसटला आणि गाडीवरच्या माणसाची पँट पेटली. माणूस वाचला, पण त्याची उजवी पोटरी पुढे कायम चुरगळलेल्या कागदासारखी राहिली. मामा त्या दिवशी ओरडला नाही. त्याने भाच्याच्या हातात जेवणाचा डबा दिला आणि पंधरा दिवस रोज त्या माणसाच्या खाटेशेजारी जाऊन बसायला लावलं. "शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं," मेस्त्री सांगतात. सोळाव्या दिवशी त्यांनी पहिली बाटली धुऊन पुसून फळीवर ठेवली. त्यानंतर चाळीस वर्षं, या हातून गेलेल्या एकाही गाडीचा पाइप फुटला नव्हता.

साडेसातला त्यांनी मुलीला फोन लावला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि रंगाच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते.

"बाबा? इतक्या सकाळी? आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. मला एक सांग, रबर अकरा महिन्यांत कडक होऊन मोडतं कशाने?"

"उन्हाने, उष्णतेने. नाहीतर आतलं काहीतरी निघून गेल्याने. कुठलं रबर?"

"पेट्रोल पाइप. माझ्या बाटलीत पास झालेला."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"बाटलीत पेट्रोल कुठलं होतं?"

मेस्त्रींनी फळीखालच्या निळ्या डब्याकडे पाहिलं.

पंपावरचं पेट्रोल गेली काही वर्षं अल्कोहोल मिसळून येतं. मेस्त्रींचा त्याच्यावर राग होता. ते हवेतलं पाणी ओढतं, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी साठवतं, उभ्या गाडीचा घसा बसवतं. म्हणून भाग धुवायला आणि बाटल्या भरायला ते गावाबाहेरच्या एका पंपावरून बिनमिसळीचं पेट्रोल आणायचे, निळ्या डब्यात. त्यांचा हिशेब साधा होता: मिसळलेलं पेट्रोल म्हणजे पाणी घातलेलं दूध. जो पाइप अस्सल पेट्रोलात आठ दिवस टिकला, तो पातळ केलेल्यात टिकणारच. परीक्षा कडक घ्यावी म्हणून त्यांनी मुद्दाम लांबून पेट्रोल आणलं होतं.

"निळ्या डब्यातलं," ते म्हणाले.

"बिनमिसळीचं?"

"हो."

"आणि गाड्यांमध्ये?"

"गाड्यांत पंपावरचंच की. सगळ्यांच्याच..."

"बाबा, अल्कोहोल म्हणजे पाणी नव्हे. रबर मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ना, तेच ते ओढून काढतं. काही रबरांना काहीच होत नाही, काहींची वाट लागते. तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत गणिताची आणि पाठवलंत भूगोल शिकवायला."

तीन वर्षांपूर्वी ती हेच सांगायला आली होती. तेव्हा मेस्त्री म्हणाले होते, "तू रंग बघ, मोटरसायकल मी बघतो." आज तिने त्या दिवसाची आठवण काढली नाही. ती काढत नाहीये, हे मेस्त्रींच्या लक्षात आलं.

"किती गाड्या आहेत?" तिने विचारलं.

"मोजून सांगतो."

मोजायला कागदपत्रं नव्हती. मेस्त्री नोंदी ठेवत नाहीत. त्यांनी खुंटीवरचा रोल उतरवला आणि टेप लावला. मूळ रोल पाच मीटरचा. दहा सेंटिमीटर बाटलीत गेले होते. खुंटीवर उरला होता एक मीटर तीस. म्हणजे गेले तीन मीटर साठ. या बनावटीच्या गाडीला चाळीस सेंटिमीटर पाइप लागतो. खडूने भिंतीवर भागाकार करून त्यांनी आकडा लिहिला: नऊ.

कोणत्या नऊ, हे मात्र सापडणार होतं. काढलेला जुना भाग फेकायचा नाही, तारेने बांधून त्याला चिठ्ठी लावायची आणि खिळ्याला अडकवायचा, ही त्यांची दुसरी सवय. कुणी वर्षभराने भांडायला आला तर त्याचा जुना भाग त्याच्यासमोर धरता येतो. चिठ्ठीवर मालकाचं नाव नसतं, मेस्त्रींनी ठेवलेलं टोपणनाव असतं. त्यांनी खिळ्यावरचे सुकलेले पाइप एकेक करून उतरवले. पोस्ट. दात. चित्र. शिट्टी. लांब्या. चष्मा. मावशी. बेकरी. वकील. बरोबर नऊ.

तोवर बायको जिना उतरून खाली आली होती. घर गॅरेजच्या वरच आहे. 'गाडी झाली, घेऊन जा' हा निरोप गिऱ्हाइकांना तीच देते, त्यामुळे सगळे नंबर तिच्या मोबाइलमध्ये, याच टोपणनावांनी. मेस्त्रींनी मोडलेला पाइप तिच्यासमोर धरला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"मग गाडी चालवू नका, एवढंच सांगायचं ना?" ती म्हणाली.

"एवढंच."

"आणि का, असं विचारलं तर?"

"मेस्त्रींची चूक झाली, असं सांग."

"मी नाही सांगणार. पाइप खराब निघाला म्हणते. ते काही खोटं नाही."

"अर्धं आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "मग अहो, तुम्हीच बोला. मी नंबर लावून देते."

साडेनऊपर्यंत सात जणांशी बोलणं झालं. वाक्य ठरलेलं होतं: "तुमच्या गाडीला मी बसवलेला पेट्रोल पाइप फुटू शकतो. तपासताना माझी चूक झाली. कॉक बंद करा आणि गाडी आहे तिथेच राहू द्या." शिट्टी हे शाळांच्या सामन्यांना जाणारे फुटबॉलचे पंच.

"अहो, पण दहाला माझी मॅच आहे. जाऊ कसा?"

"चालत."

"मेस्त्री, मी रेफरी आहे. धावायचं काम खेळाडूंचं."

मेस्त्रींना हसू आलं नाही. अंडी पोचवणाऱ्या मावशींनी गाडीवर बसल्या बसल्याच फोन घेतला होता. त्यांना रस्त्याच्या कडेला उतरवलं. बेकरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पण यावर पिवळा ठिपका होता ना? मी स्वतः पाहिला होता." मेस्त्री म्हणाले, "होता."

'चित्र' म्हणजे चित्रकलेचे सर. त्यांचा फोन बंद होता.

मोडलेला पाइप खिशात घालून मेस्त्री स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. रोल त्यांनी इथूनच घेतला होता. काउंटरमागे त्याच कापडी पाइपाचा नवा रोल टांगलेला होता आणि त्याला पुठ्ठ्याची पाटी: 'बाटली मेस्त्री पास'.

"ही पाटी कुणी लावली?"

"मीच," स्पेअरवाला खुशीत म्हणाला. "तुमच्या नावावर दोन रोल खपले की हो."

मेस्त्रींनी मोडका पाइप काउंटरवर ठेवला. स्पेअरवाल्याने तो उचलला, वाकवला, आणि त्याचा चेहरा उतरला. मेस्त्रींनी पाटी काढली, उलटी केली आणि मार्करने लिहिलं: 'हा पाइप बसवला असेल तर लगेच काढा. पास करताना माझी चूक झाली. बाटली मेस्त्री.' आणि पाटी गिऱ्हाइकाला आत शिरताच दिसेल अशी काउंटरच्या काचेला चिकटवली.

"अहो, निदान सही तरी खोडा. चाळीस वर्षांचं नाव आहे."

"सही नसेल तर वाचेल कोण? आता दुसरं काय आहे ते दाखव."

स्पेअरवाल्याने तीन तुकडे मांडले. पहिला पारदर्शक. लोकांना तो आवडतो, पेट्रोल वाहताना दिसतं. मेस्त्रींनी तो बाजूला सारला. गरम इंजिनाजवळ तो पिवळा पडतो, आक्रसतो आणि नळकांड्यावरून सुटतो. दुसरा साधा काळा रबरी. त्याच्यावर कुठलाही शिक्का नव्हता. "हा कशाचा?" "रबराचा." "ते मलाही दिसतंय." तोही बाजूला गेला. तिसरा जाड, ताठ, पांढऱ्या छापील अक्षरांचा. आतून त्याला वेगळ्याच मालाचं अस्तर होतं, रबराला पेट्रोल लागू न देणारं. नव्या चारचाकींत असा पाइप येतो.

मेस्त्रींची अडचण आता त्यांच्याच नियमात होती. बाटलीत आठ दिवस काढल्याशिवाय कुठलाही पाइप त्यांच्या हातून गाडीवर चढलेला नव्हता. आठ दिवस थांबायचं तर आठ दिवस नऊ मालकांनी गाडीला हात लावू नये, ही आशा धरायची. मावशी आज सकाळीच गाडीवर होत्या. आणि न तपासता बसवायचा तर सकाळची चूक पुन्हा नव्या पाइपाने करायची. त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला.

"काय छापलंय त्यावर? वाचा."

चष्मा गॅरेजात राहिला होता. स्पेअरवाल्याने मोठ्याने वाचलं: अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, आतला व्यास, मानकाचा क्रमांक, बनवल्याची तारीख. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

"घ्या," मुलगी म्हणाली.

"छापायला काय जातं?"

"आमच्या डब्यांवरही छापलेलंच असतं, बाबा. त्यातलं निम्मं माझी सही झाल्यावर छापतात. तुमच्या ठिपक्यासारखंच आहे ते."

"ठिपका चुकला ना पण."

"माझीही सही चुकते. म्हणून आमच्याकडे दुसरा माणूस परत तपासतो. तुमच्याकडे दुसरा कोण होता?"

मेस्त्रींनी फोन ठेवला. पाच मीटर पाइप घेतला आणि रबर कापत न जाणाऱ्या, कडा वळवलेल्या पट्टीच्या क्लिपा घेतल्या. परतताना वाटेतल्या पंपावर डबा भरून मिसळीचं पेट्रोल घेतलं. गॅरेजात पोचताच एक बाटली रिकामी करून त्यात ते ओतलं आणि नव्या पाइपाचा तुकडा टाकला. गाड्यांना पाइप आजच चढणार होता. आठ दिवस बाटलीवरही नजर राहणार होती आणि नवव्या दिवशी प्रत्येक मालकाने गाडी पुन्हा दाखवायला आणायची होती. त्यांच्या नियमाचं यापेक्षा जास्त काही वाचवता आलं नाही.

पहिली पोस्टमनची गाडी. चाळीस सेंटिमीटरचा तुकडा लावला तर वळणावर तो चपटा झाला. या पाइपाला जुन्यासारखं लवचिक अंग नाही. चपट्या पाइपातून पेट्रोल अडखळत येतं आणि गाडी रस्त्याच्या मध्यात बंद पडते. मेस्त्रींनी तो काढला, सेहेचाळीस कापला, कार्बोरेटरच्या मागून मोठा वळसा दिला आणि इंजिनापासून दोन बोटं लांब राहील असा धरला. टोक जोर लावून ढकललं तर आतलं अस्तर फाटतं, म्हणून बायकोने वरून उकळतं पाणी आणून दिलं. टोक त्यात धरून मऊ केलं आणि मग चढवलं. कॉक उघडला, खाली पांढरा कागद ठेवला, घड्याळ लावून दहा मिनिटं बसले. कागद कोरडा राहिला. पोस्टमन न्यायला आले तेव्हा त्यांना डागही दाखवला आणि मोडका पाइपही. पोस्टमन बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे पाहत होते.

एक वाजता मेस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन 'दात'कडे गेले. दातांच्या डॉक्टरांची गाडी दवाखान्यामागच्या अंगणात, स्वतंत्र छपराखाली असते. एकोणीस वर्षं ती मेस्त्रींशिवाय दुसऱ्या कुणी उघडलेली नाही. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले.

"फोनवर ऐकलं मी. पण मेस्त्री, रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. तिथले परीक्षक गुडघ्यावर बसून स्क्रू मोजतात. हा अक्षरांचा पाइप दिसला की माझे गुण गेले. सोमवारी बदलू."

"प्रदर्शनाला गाडी टेम्पोतून नेणार?"

"चालवत. बावीस किलोमीटर. चालत आलेल्या गाडीला वेगळे गुण असतात."

मेस्त्री गाडीपाशी उकिडवे बसले. पाइपाच्या वळणावर पांढरं फडकं दाबून पाहिलं. फडकं कोरडं निघालं.

"बघा!" डॉक्टर म्हणाले. "उगाच माझ्या तोंडचं पाणी पळवता."

मेस्त्रींनी कॉक बंद केला आणि पाइप ओढून काढला.

"अहो! अहो, विचारा तरी!"

मेस्त्रींनी ब्लेडने वरचं सूत कापलं आणि सालीसारखं सोललं. आतलं रबर अजून अखंड होतं, पण वळणाच्या बाहेरच्या बाजूला नखाने ओरखडल्यासारख्या बारीक चिरा होत्या, एकीशेजारी एक.

"किडलेला दात असाच दिसतो का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना ते लागलं. "विनोद पुरे. गाडी माझी आहे, मेस्त्री."

"गाडी तुमची. पाइप माझा आहे."

तेवढ्यात दवाखान्याच्या दारातून एक पेशंट डोकावला. त्याचा अर्धा चेहरा बधिर होता. "डॉ'तर," तो म्हणाला, "भू' उत'तेय हो माझी."

"आलो!" डॉक्टर ओरडले. मग मेस्त्रींकडे वळून आवाज खाली आणला. "लावा काय लावायचं ते. पण हे गावभर सांगत फिरू नका. तुमचंच हसं होतंय."

"सकाळपासून तेच करतोय."

"मग पुढच्या वेळी मी दुसरा मेस्त्री बघतो," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

मेस्त्रींनी आतल्या नर्सकडून गरम पाणी मागून घेतलं. पाइप तितक्याच निगुतीने चढवला, दहा मिनिटं कागद ठेवला, तो कोरडा पाहिला आणि किल्ली नर्सच्या हातात दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ही किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली नाही.

पुढचे पाच तास मावशींच्या, शिट्टींच्या आणि बेकरीच्या गाड्यांत गेले. ज्या गाड्या जिथे उभ्या होत्या तिथेच जाऊन त्यांनी काम केलं. एकही गाडी जुन्या पाइपावर चालवत आणू दिली नाही. शिट्टींच्या पाइपाच्या सुतावर ओल आली होती. मावशींचा हातात मोडला. मावशींनी तो तुकडा मागून घेतला आणि अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये टाकला. "असू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा कधी घाई केली तर याच्याकडे बघेन." मेस्त्रींना त्यांनी चहा विचारला नाही, एरवी विचारतात.

पावणेसातला हिशेब असा होता: पाच गाड्यांचे पाइप बदलले. लांब्या, चष्मा आणि वकील या तिघांच्या गाड्या कॉक बंद करून घरी उभ्या; त्या शुक्रवारी दुपारी. उरली होती 'चित्र'. बायको दर अर्ध्या तासाने नंबर लावत होती. या वेळी पलीकडे घंटी वाजली.

"परीक्षेचं सुपरव्हिजन होतं हो, फोन कपाटात," सर म्हणाले. "बोला मेस्त्री."

मेस्त्रींनी ठरलेलं वाक्य म्हटलं.

"पण ती गाडी माझ्याकडे नाही. चार महिने झाले, विकली मी."

मेस्त्री पाटावर बसले. "कुणाला?"

"सूतगिरणीत आहे एक जण. पहिल्या पाळीला असतो. फार सरळ माणूस. खरं सांगायचं तर तो गाडी घ्यायला आला तेव्हा मी तुमचंच नाव सांगितलं. म्हटलं, बाटली मेस्त्रींच्या हातची गाडी आहे, पाइपसुद्धा पास झालेला. तेवढ्यावर त्याने घेतली."

सरांनी त्या माणसाचं नाव आणि नंबर दिला. बायकोने तो लावला. क्रमांक वापरात नव्हता. मेस्त्रींनी गिरणीच्या गेटवर फोन केला. वॉचमन म्हणाला, पहिल्या पाळीची माणसं दोनलाच गेली. नाव सांगितल्यावर तो हसला. "या नावाचे अकरा जण आहेत आमच्याकडे. कामगार नंबर सांगा." मेस्त्री म्हणाले, त्याच्या गाडीला आग लागू शकते. वॉचमनचं हसू थांबलं. फळ्यावर लिहून ठेवतो, तो म्हणाला. पण फळा आतल्या फाटकापाशी आहे, माणसं तो गाडी लावल्यावर वाचतात.

मेस्त्रींनी पुन्हा सरांना फोन लावला. राहतो कुठे? ठाऊक नाही. गाडी कशी ओळखू? टाकी गडद लाल, सरांनीच रंगवलेली, त्याने बदलली नसेल तर. नंबर सरांना पाठ होता. मागच्या सीटवर बहुतेक बायको असते, तीही त्याच गिरणीत, त्याच पाळीला. आणखी काही?

"दोनदा दिसलाय तो मला, सकाळी फिरायला जातो तेव्हा," सर आठवून म्हणाले. "पुलाजवळच्या पंपावर. कामावर जाताना तिथेच पेट्रोल भरतो, थोडं थोडं. रोज की एक दिवसाआड, ते नाही सांगता येणार."

मेस्त्रींनी गाडीचा नंबर दोन चिठ्ठ्यांवर लिहिला. पंपावर पेट्रोलचा वास आला तर कुणालाही काही वाटत नाही, हे त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. सेहेचाळीस सेंटिमीटरचा एक तुकडा कापून, दोन क्लिपा आणि पक्कड यांच्यासोबत पिशवीत ठेवला. गरम पाण्यासाठी बायकोने थर्मास काढून ओट्यावर उपडा घातला.

"मीही येते," ती म्हणाली. "पुलावर दोन्हीकडून गाड्या येतात. तुम्ही एका बाजूला बघाल तोवर दुसरीकडून निघून जाईल."

"आणि उद्या त्याने पेट्रोल भरलंच नाही तर?"

"मग तिथून गिरणीच्या गेटवर जाऊ."

मेस्त्रींनी दुसरी चिठ्ठी तिच्या हातात दिली. एरवी गॅरेज सातला उघडतं. त्यांनी दाराला खडूने लिहिलं, 'उद्या नऊनंतर'. पुलाजवळचा पंप पहाटे साडेपाचला सुरू होतो. गिरणीच्या पहिल्या पाळीचा भोंगा सहाला वाजतो.